बोगनव्हिलचे गाऱ्हाणे आणि कौल

आमच्या घरासमोरच्या गडग्यावर आजोबांनी लावलेली बोगनवेल आहे. मराठीने तिच्या नावात ‘वेल’ शोधली आणि तिला इतके आपलेसे केले की हे एका माणसाचे नाव आहे, हे मला वयाच्या चाळिशीपर्यंत ठाऊक नव्हते. लुई आंत्वान द बोगनव्हिल हा फ्रेंच दर्यावर्दी १७६६ साली पृथ्वीप्रदक्षिणेला निघाला. त्याच्या मोहिमेतल्या कॉमेर्सों या वनस्पतिशास्त्रज्ञाला ब्राझीलच्या किनाऱ्यावर ही वेल दिसली आणि तिला कप्तानाचे नाव मिळाले. पुढे १७६८ साली तीच मोहीम पॅसिफिक महासागरातल्या एका डोंगराळ बेटाजवळून गेली आणि त्या बेटालाही तेच नाव चिकटले. तिथे हजारो वर्षे माणसे राहत होती, त्यांच्या स्वतःच्या भाषा होत्या आणि आपल्या डोंगरांना व नद्यांना त्यांनी दिलेली नावे होती. बेटाला काय म्हणावे हे त्यांना कोणी विचारले नाही.

मला या बेटाविषयी लिहायचे आहे ते या न विचारण्यामुळेच. डिसेंबर २०१९ मध्ये तिथल्या स्वातंत्र्याच्या सार्वमताचा निकाल वाचला, त्यानंतर जे हाती लागेल ते वाचत गेलो, आणि दर वेळी एकच गोष्ट पुढे येत राहिली. बोगनव्हिलचे गाऱ्हाणे तांब्याच्या पैशाचे आहे असे बाहेरचे लोक समजतात, आणि पैशाचे गाऱ्हाणे खरेही आहे. परंतु त्याच्या मुळाशी, जमीन आमची असताना आम्हाला कधीच कोणी विचारले नाही, ही गोष्ट आहे. आमच्या सिंधुदुर्गात, दोडामार्ग-सावंतवाडीच्या पट्ट्यात, डोंगराच्या पोटात खनिज सापडले की गावात जी अस्वस्थता पसरते ती मी लहानपणापासून पाहिली आहे. म्हणूनच कदाचित हे दूरचे बेट मला दूरचे वाटत नाही.

नकाशावर पाहिले तर बोगनव्हिल हे सॉलोमन द्वीपमालिकेतले सर्वांत मोठे बेट आहे. दक्षिणेकडचे सॉलोमन बेटांचे राष्ट्र होडीने गाठता येईल इतके जवळ आहे, तर ज्या देशाचा बोगनव्हिल भाग आहे त्या पापुआ न्यू गिनीची राजधानी पोर्ट मोर्स्बी सुमारे हजार किलोमीटर लांब आहे. बोगनव्हिलचे लोक वर्णाने गडद काळे आहेत आणि मुख्य भूमीवरच्या लोकांना ते ‘रेडस्किन’ म्हणतात. या एका शब्दात आपण आणि ते असा भेद किती जुना आहे ते कळते. ही सरहद्द बेटावरच्या कोणी आखलेली नाही. १८८६ साली ब्रिटन आणि जर्मनी यांनी पॅसिफिकची वाटणी केली, १८९९ साली सामोआच्या सौद्यात जर्मनीने उत्तर सॉलोमनमधली बाकीची बेटे ब्रिटनला देऊन टाकली आणि बोगनव्हिल व त्याला लागून असलेले बुका एवढी दोन मोठी बेटे आपल्याकडे ठेवली. पहिल्या महायुद्धात ती ऑस्ट्रेलियाच्या हाती गेली आणि न्यू गिनीला जोडलेलीच राहिली. दुसऱ्या महायुद्धात जपानी आले, अमेरिकन आले, जपानी नौदलाचा सेनापती यामामोटो याचे विमान १९४३ च्या एप्रिलमध्ये याच बेटाच्या जंगलात पाडले गेले. आणि युद्ध संपल्यावर संयुक्त राष्ट्रांच्या विश्वस्त व्यवस्थेखाली कारभार पुन्हा ऑस्ट्रेलियाकडे आला.

१९६४ साली बेटाच्या मध्यभागी, पांगुना नावाच्या डोंगराळ भागात, रिओ टिंटो या खाणउद्योग समूहातल्या ऑस्ट्रेलियन कंपनीने शोधकाम सुरू केले आणि तिथे तांब्याचा प्रचंड साठा असल्याचे लवकरच स्पष्ट झाले. कायदा ऑस्ट्रेलियन होता. जमीन कोणाचीही असो, तिच्या पोटातले खनिज सरकारचे, असे तो सांगत होता. डोंगरातल्या नासिओई लोकांना ही विभागणीच समजेना. जमिनीचा वरचा एक हात आमचा आणि त्याखालचे सगळे दुसऱ्याचे, हे त्यांच्या विचारात बसणारे नव्हते. त्यांच्या दृष्टीने झाड, माती, मातीखालचा दगड आणि त्यात पुरलेले पूर्वज हे सगळे एकच होते. त्यातच बेटाच्या बहुतांश भागात जमीन आईच्या कुळाकडून मुलीकडे जाते. कुळाच्या जमिनीविषयी शेवटचा शब्द बाईचा असतो, तो पुरुष सभेत उभा राहून बोलून दाखवतो एवढेच. प्रशासनाचे अधिकारी आणि कंपनीचे लोक मात्र बोलले ते पुरुषांशी, नोंदी केल्या त्या बहुतेक पुरुषांच्या नावे आणि भरपाई दिली तीही पुरुषांच्या हातात. ज्यांना विचारायला हवे होते त्यांना ओलांडूनच सगळा व्यवहार सुरू झाला.

१९६६ साली ऑस्ट्रेलियाचे या प्रदेशांचे मंत्री चार्ल्स बार्न्स बेटावर आले, तेव्हा या खाणीतून आम्हाला काय मिळणार, असा साधा प्रश्न लोकांनी त्यांना केला. वेगळे असे काही मिळणार नाही, फायदा संपूर्ण प्रदेशाचा होईल, असे उत्तर मिळाले. त्याच वर्षी पॉल लापुन या बोगनव्हिलच्या लोकप्रतिनिधीने विधानसभेत हट्टाने एक दुरुस्ती मांडली. ती आधी नाकारली गेली, पण त्याने ती पुन्हा मांडून मंजूर करून घेतली. सरकारला खनिजाच्या किमतीवर सव्वा टक्का स्वामित्वधन मिळणार होते. त्या स्वामित्वधनाचे पाच टक्के जमीनमालकांना द्यावेत, एवढीच ती मागणी होती. मी कागद घेऊन हिशेब केला. शंभर रुपयांच्या खनिजामागे सरकारला सव्वा रुपया आणि त्यातून जमिनीच्या मालकांना सव्वा सहा पैसे. हे सव्वा सहा पैसेसुद्धा प्रशासनाला जास्त वाटत होते.

१९६९ च्या ऑगस्टमधला रोरोवाना गावचा प्रसंग मी ज्या ज्या ठिकाणी वाचला त्या त्या ठिकाणी थांबून पुन्हा वाचला आहे. खाणीसाठी बंदर हवे होते आणि त्यासाठी किनाऱ्यावरची या गावाची नारळीची जमीन सरकारने घ्यायचे ठरवले. मोजणीदार आले, त्यांनी हद्दीची खूण म्हणून जमिनीत खुंट रोवला. गावातल्या बाया पुढे झाल्या आणि त्यांनी तो खुंट उपटून काढला. काही दिवसांनी शिरस्त्राणे घातलेले, लाठ्या आणि ढाली घेतलेले पोलीस बुलडोझरसह आले. बाया बुलडोझरच्या समोर उभ्या राहिल्या, त्यांनी झाडांना मिठ्या मारल्या. त्यांच्यावर अश्रुधूर सोडला गेला आणि लाठ्या चालल्या. त्याची छायाचित्रे ऑस्ट्रेलियातल्या वर्तमानपत्रांत पहिल्या पानावर आली आणि तिथल्या लोकांना प्रथमच कळले की आपल्या नावाने दूरच्या बेटावर काय चालले आहे. गदारोळ झाल्यावर कंपनीला गावाशी बोलून जमीन भाड्याने घ्यावी लागली. महसूल खात्याचा खुंट आपल्या शेतात ठोकला जाणे म्हणजे काय, हे कोयनेच्या किंवा मुळशीच्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही. ‘प्रकल्पग्रस्त’ हा शब्द आपल्या भाषेत रोजच्या वापराचा झाला आहे. रोरोवानाच्या बाया त्या शब्दाच्या आत उभ्या होत्या.

१९७२ साली उत्पादन सुरू झाले आणि १९८९ साली खाण बंद पडली. या सतरा वर्षांत पांगुनाच्या डोंगरातून ३० लाख टन तांबे, ३०६ टन सोने आणि ७८४ टन चांदी निघाली. त्या काळातल्या पापुआ न्यू गिनीच्या एकूण निर्यातीच्या सुमारे ४४ टक्के मोल या एका खड्ड्यातून आले आणि सरकारच्या देशांतर्गत महसुलातला सुमारे १७ टक्के वाटा तिथूनच भरला गेला. एक नवे राष्ट्र या तांब्यावर उभे राहिले, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती होणार नाही. शाळा, रस्ते, कचेऱ्या, पगार यांतले बरेच काही याच पैशातून आले, आणि देशाच्या दृष्टीने ते चुकीचे होते असे मी म्हणणार नाही. गरीब देशाला कुठून तरी पैसा उभा करावाच लागतो. परंतु ज्यांचा डोंगर होता त्यांच्याकडे त्या उत्पन्नातला शंभरातला दीड रुपयाही आला नाही, आणि उरलेले सगळे त्यांच्याकडेच राहिले. सुमारे दोन किलोमीटर रुंदीचा खड्डा राहिला आणि कावेरोंग व जाबा या नद्यांमध्ये सोडलेला शंभर कोटी टनांहून अधिक गाळ आणि कचरा राहिला. नद्यांची पात्रे भरून वर आली, काठावरच्या बागा आणि साबुदाण्याची झाडे गाळाखाली गेली, मासे नाहीसे झाले, गावे हलवावी लागली. आजही जाबाच्या पात्रात तांब्याच्या अंशामुळे निळसर हिरवे झालेले दगड दिसतात.

या काळात सार्वमताची मागणी नव्हती असे नाही. १९६८ च्या सप्टेंबरमध्येच पोर्ट मोर्स्बीत राहणारी काही बोगनव्हिली मंडळी एकत्र आली होती आणि स्वतंत्र व्हायचे, सॉलोमनला जोडून घ्यायचे की न्यू गिनीत राहायचे, हे बेटावरच्या लोकांना विचारा, असे त्यांनी म्हटले होते. विचारा, हाच शब्द. त्याकडे कोणी लक्ष दिले नाही. १९७२ च्या नाताळच्या सुमारास मुख्य भूमीवर गोरोका भागात एका अपघातात एक मूल दगावले आणि चिडलेल्या जमावाने मोटारीतल्या दोन बोगनव्हिली अधिकाऱ्यांना ठार केले. त्यानंतर बेटावरचा वेगळेपणाचा विचार घरोघरी पोहोचला. पापुआ न्यू गिनी १६ सप्टेंबर १९७५ रोजी स्वतंत्र होणार होता. त्याच्या पंधरवडाभर आधी, १ सप्टेंबर १९७५ रोजी, बोगनव्हिलने ‘उत्तर सॉलोमनचे प्रजासत्ताक’ म्हणून आपले स्वातंत्र्य जाहीर केले. फादर जॉन मोमिस हे कॅथलिक धर्मगुरू आणि लोकप्रतिनिधी संयुक्त राष्ट्रांपर्यंत जाऊन आले. कोणीही मान्यता दिली नाही. १९७६ साली तडजोड झाली, प्रांतिक सरकार मिळाले आणि झेंडा उतरला.

खाणीच्या कराराचे दर सात वर्षांनी पुनरावलोकन व्हावे अशी तरतूद १९७४ च्या फेरकरारात होती. १९८१ साली ते व्हायला हवे होते, झाले नाही. तेव्हा ते प्रामाणिकपणे झाले असते आणि जमीनमालकांना त्या टेबलाजवळ एक खुर्ची मिळाली असती, तर पुढचे सगळे टळले असते का, हा विचार माझ्या मनात पुनःपुन्हा येतो.

फ्रान्सिस ओना हा खाणीतच नोकरी केलेला सर्वेक्षक. त्याची नातलग पर्पेतुआ सेरेरो हिच्यासोबत १९८७ साली त्याने जमीनमालकांची नवी संघटना बांधली आणि एक हजार कोटी किना (किना हे पापुआ न्यू गिनीचे चलन) एवढी भरपाई मागितली. आकडा अफाट होता आणि तो तसा असावा असेच बहुधा त्यांना वाटत होते. १९८८ च्या नोव्हेंबरमध्ये न्यूझीलंडच्या सल्लागारांनी पर्यावरणाच्या पाहणीचा अहवाल सभेत मांडला आणि रासायनिक प्रदूषणाचा गंभीर पुरावा नसल्याचे सांगितले. समोर बसलेल्या लोकांनी नदीतले मासे मरताना स्वतः पाहिले होते. ओना सभेतून उठून गेला. त्यानंतर काही दिवसांतच खाणीची स्फोटके पळवली गेली, विजेचे मनोरे कोसळू लागले, आणि १५ मे १९८९ रोजी खाण थांबली ती आजतागायत सुरू झालेली नाही.

सरकारने आधी पोलीस आणि मग लष्कर पाठवले. गावे जाळली गेली, माणसे मारली गेली. १९९० मध्ये लष्कर मागे घेऊन सरकारने बेटाची नाकेबंदी केली. इंधन नाही, औषधे नाहीत, साबण नाही, काड्यापेटी नाही. हिवतापाने आणि बाळंतपणात किती माणसे गेली याचा नेमका हिशेब कोणाकडे नाही; एकूण संघर्षात १०,००० ते २०,००० माणसे गेली असा अंदाज सांगितला जातो, तोही अंदाजच. आणि हे सगळे मृत्यू बाहेरच्यांच्या हातून झालेले नाहीत, हेही इथे स्पष्ट लिहिले पाहिजे. ओनाच्या बंडातून उभ्या राहिलेल्या क्रांतिसेनेतल्या टोळ्यांनी आपल्याच लोकांवर अत्याचार केले, त्यांच्याविरुद्ध स्थानिकांचीच प्रतिकार दले उभी राहून सरकारला मिळाली, आणि एकाच कुळातले भाऊ एकमेकांसमोर बंदुका घेऊन उभे राहिले. बेटाच्या संक्रमणकालीन सरकारचे प्रमुख थिओडोर मिरिउंग यांची १९९६ च्या ऑक्टोबरमध्ये हत्या झाली. ते दोन्ही बाजूंना जोडू पाहणारे गृहस्थ होते.

नाकेबंदीतली एक गोष्ट मात्र मला माझ्या घरात घेऊन आली. डिझेल संपल्यावर बोगनव्हिलच्या लोकांनी गाड्या खोबरेल तेलावर चालवल्या. नारळ खवायचा, कोमट पाण्यात कुस्करून पिळायचा, तो रस रात्रभर ठेवायचा, सकाळी वर आलेली साय काढून आटवायची आणि तेल सुटले की गाळून टाकीत ओतायचे. माझी आजी अगदी असेच तेल काढत असे. खवणीचा तो एकसुरी आवाज, चुलीवर रस आटताना घरभर पसरणारा गोडसर वास आणि कढईच्या तळाशी लालसर झालेला, आम्ही मुले गूळ घालून खात असू तो चोथा, हे सगळे मला आजही आठवते. ते तेल केसांना लावायचे, देवापुढच्या समईत घालायचे. तेच तेल घालून जुन्या जीपगाड्या डोंगर चढत होत्या, आजाऱ्यांना आणि जखमींना नेत होत्या. बंद पडलेल्या खाणीतले पत्रे, नळ आणि मोटारी काढून लोकांनी ओढ्यांवर छोटी वीजकेंद्रे बसवली. ज्या डोंगराने त्यांची नदी मारली त्याच्याच भंगारातून त्यांनी दिवे लावले.

१९९७ साली पापुआ न्यू गिनीचे पंतप्रधान ज्युलियस चॅन यांनी सँडलाइन नावाच्या कंपनीचे भाडोत्री सैनिक आणायचे ठरवले. करार ३ कोटी ६० लाख डॉलरचा होता. खाण परत ताब्यात घ्यायची, असा बेत. देशाचे स्वतःचेच लष्करप्रमुख जेरी सिंगिरोक यांनी त्या भाडोत्री सैनिकांना अटक केली आणि चॅन यांना पदावरून बाजूला व्हावे लागले. या धक्क्यानंतर त्याच वर्षी न्यूझीलंडमध्ये बर्नहॅम इथे बोलणी सुरू झाली. त्यानंतर बेटावर जे निरीक्षक आले ते निःशस्त्र होते. न्यूझीलंडचे सैनिक बंदुकांऐवजी गिटार घेऊन उतरले, त्यांनी गावोगावी गाणी म्हटली, माओरी नाच करून दाखवले; आणि जंगलात शिरून आपल्या मुलांना व भावांना बाहेर आणण्याचे काम बेटावरच्या बायांनी केले. जमिनीच्या मालकिणी म्हणून तो अधिकार त्यांचाच होता.

३० ऑगस्ट २००१ रोजी आरावा इथे शांतता करारावर सह्या झाल्या. स्वायत्तता द्यायची, शस्त्रे जमा करायची, आणि स्वायत्त सरकारच्या पहिल्या निवडणुकीनंतर दहा ते पंधरा वर्षांच्या आत स्वातंत्र्याच्या पर्यायासह सार्वमत घ्यायचे, असे त्यात ठरले. शस्त्रे लोखंडी कंटेनरमध्ये ठेवली गेली. प्रत्येक कंटेनरला दोन कुलपे होती, एक किल्ली त्या टोळीच्या कमांडरकडे आणि दुसरी संयुक्त राष्ट्रांच्या निरीक्षकांकडे. एकट्याला कोणालाही ते उघडता येऊ नये, अशी व्यवस्था. करारातच एक वाक्य असेही होते की सार्वमताच्या निकालावर दोन्ही सरकारे सल्लामसलत करतील आणि अंतिम निर्णय राष्ट्रीय संसदेचा राहील. सगळी गाठ त्या वाक्यात बसली आहे.

सार्वमत २३ नोव्हेंबर ते ७ डिसेंबर २०१९ या काळात झाले. पर्याय दोनच: अधिक स्वायत्तता किंवा स्वातंत्र्य. बेटाबाहेर, मुख्य भूमीवर, सॉलोमन बेटांत आणि ऑस्ट्रेलियात राहणाऱ्या बोगनव्हिली लोकांनाही मत देता आले. लोक रांगेत बांबूच्या वाद्यांच्या तालावर नाचत आले, म्हाताऱ्यांना खांद्यावरून आणले गेले. आयोगाचे अध्यक्ष, आयर्लंडचे माजी पंतप्रधान बर्टी अहर्न यांनी ११ डिसेंबरला बुका इथे निकाल वाचला. स्वातंत्र्याच्या बाजूने १,७६,९२८ आणि अधिक स्वायत्ततेच्या बाजूने ३,०४३ मते पडली. मतदान सुमारे ८७ टक्के झाले आणि त्यातली जवळजवळ ९८ टक्के मते स्वातंत्र्याला मिळाली. १९६८ साली मागितलेला प्रश्न एक्कावन्न वर्षांनी विचारला गेला आणि त्याचे उत्तर इतके एकमुखी आले.

आमच्याकडे, कोकणात आणि गोव्यात, देवापुढे आधी गाऱ्हाणे घालतात आणि मग कौल लावतात. गावकरी देवळात जमतात, गुरव सगळ्यांच्या वतीने गाऱ्हाणे मांडतो, देवाच्या अंगावर ओल्या पाकळ्या चिकटवल्या जातात आणि उजवी पाकळी आधी पडते की डावी, याकडे सगळे श्वास रोखून पाहतात. कौल मनासारखा येईल की नाही हे कोणालाच माहीत नसते. पण एकदा तो लागला की गाव तो मानते. गोव्यानेही १६ जानेवारी १९६७ रोजी जनमत कौल दिला, महाराष्ट्रात विलीन व्हायचे की वेगळे राहायचे यावर. विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७० आणि केंद्रशासित राहण्याच्या बाजूने १,७२,१९१ मते पडली. फरक ३४,०२१ मतांचा. तो प्रश्न एका देशाच्या आतला होता आणि बोगनव्हिलच्या प्रश्नाशी त्याची बरोबरी होत नाही. तरी एक गोष्ट लक्षात राहते. माझ्या आजोबांसारख्या विलीनीकरणवादी माणसांना तो निकाल फार लागला होता, पण विचारले आहे तर उत्तर मानायचे, याबद्दल त्यांनी कधी दुसरे काही म्हटले नाही.

बोगनव्हिलचा कौल मात्र पोर्ट मोर्स्बीत अडकून आहे. पापुआ न्यू गिनीची बाजू मी समजू शकतो. ८०० हून अधिक भाषांचा तो देश आहे, सोने, वायू आणि तांबे असलेले इतर प्रांतही आपापली गाऱ्हाणी घेऊन बसलेले आहेत, आणि एक गेला तर बाकीचे काय करतील ही भीती पोकळ नाही. संसदेच्या मान्यतेची अट बोगनव्हिलच्या नेत्यांनी स्वतः सही करून स्वीकारली होती, हेही खरे. २०२० पासून बोगनव्हिलचे अध्यक्ष असलेले इश्माएल तोरोआमा हे एकेकाळचे क्रांतिसेनेचे कमांडर आहेत, आणि त्यांनी बंदुकीऐवजी बैठकीचा मार्ग धरला आहे याचे श्रेय त्यांना दिले पाहिजे. स्वातंत्र्य २०२५ पूर्वी नाही आणि २०२७ नंतर नाही, असे २०२१ मध्ये दोन्ही बाजूंनी मान्य केले. तेव्हापासून संसदेत साध्या बहुमताने मान्यता पुरेशी आहे की दोन तृतीयांश मते हवीत, यावर वाद चालू आहे. २०२४ मध्ये तो सोडवण्यासाठी न्यूझीलंडचे माजी गव्हर्नर जनरल जेरी मातेपाराए यांना मध्यस्थ नेमावे लागले. संसदेला नाही म्हणायचे असेल तर तिने तसे उघडपणे म्हणावे आणि का, ते सांगावे. उत्तर घेऊन ते वर्षानुवर्षे फडताळात ठेवणे मला कोणत्याही नकारापेक्षा अधिक अपमानाचे वाटते, कारण न विचारण्याच्या जुन्या सवयीचेच ते नवे रूप आहे.

दुसरा अवघड प्रश्न बेटाच्या आतला आहे. बोगनव्हिल सरकारचा खर्च आजही मोठ्या प्रमाणात पोर्ट मोर्स्बीकडून येणाऱ्या अनुदानावर चालतो. कोको, खोबरे आणि लोकांनी वाळू धुऊन काढलेले सोने यांवर राष्ट्राचा कारभार चालेल का, ही शंका तिथलेच लोक बोलून दाखवतात. पांगुनाच्या डोंगरात अजून ५३ लाख टन तांबे शिल्लक असल्याचा अंदाज आहे. म्हणजे ज्या खाणीमुळे युद्ध झाले तीच पुन्हा उघडून स्वातंत्र्याचा खर्च भागवायचा, असा पेच आहे. रिओ टिंटोने २०१६ साली आपले सगळे भाग सोडून दिले आणि ते बोगनव्हिल व पापुआ न्यू गिनी यांच्या सरकारांकडे गेले. नद्यांच्या काठी राहणाऱ्या १५६ लोकांनी २०२० मध्ये केलेल्या तक्रारीनंतर खाणीच्या दुष्परिणामांच्या पाहणीचा खर्च उचलायला ती कंपनी तयार झाली; पहिल्या टप्प्याचा अहवाल २०२४ च्या डिसेंबरमध्ये आला. सफाई कोण करणार, भरपाई कोण देणार, हे ठरायचे आहे.

बोगनव्हिलच्या स्वायत्त सरकारने २०१५ मध्ये केलेल्या खाण कायद्यात खनिजावर परंपरागत जमीनमालकांचा हक्क मानला गेला आहे आणि त्यांच्या संमतीशिवाय परवाना देता येत नाही. हा कायदा कागदावरच राहिलेला नाही. २०१७ च्या अखेरीस पांगुनाच्या जमीनमालकांची सभा झाली, बाजू जवळपास निम्म्या-निम्म्या विभागल्या गेल्या आणि एवढ्या मतभेदात खाण कंपनीच्या परवान्याचे नूतनीकरण नको, असे सरकारने ठरवले. २०२४ मध्ये शोधकामाचा परवाना पाच वर्षांसाठी पुन्हा दिला गेला. खाण उघडावी की नाही यावर माझे मत काहीही असले तरी त्याला किंमत नाही. ते मत त्या खोऱ्यातल्या आयांच्या कुळांनी द्यायचे आहे, आणि आता निदान कायद्याने त्यांना विचारावे लागते.

मार्च २०२५ मध्ये बोगनव्हिलच्या नेत्यांनी स्वातंत्र्यासाठी १ सप्टेंबर २०२७ ही तारीख निश्चित केली. १९७५ साली झेंडा चढला होता तोही १ सप्टेंबरलाच. त्या झेंड्यावर निळ्या समुद्राच्या पार्श्वभूमीवर ‘उपे’ आहे. वयात येणारी मुले दीक्षेच्या काळात डोक्यावर घालतात ती विणलेली उंच टोपी.